नवा पीसी घेतला आणि गेम आणखीच अडखळायला लागला!

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना सेटिंगची नावं निसटून जातात. म्हणून ज्यांना पीसीसमोर बसून एकेक गोष्ट तपासायची आहे, त्यांनी हे पान मोबाईलवर उघडून शेजारी ठेवा.

विषय असा: कॉम्प्युटर अपग्रेड केला, खिसा रिकामा झाला, आणि गेमचा एफपीएस वाढायच्या ऐवजी कमी झाला. यात मी स्वतः माती खाल्लेली आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

माझा मामेभाऊ साताऱ्यात डिप्लोमा करतोय. सुट्टीत मोबाईल रिपेअरच्या दुकानात काम करून त्याने पैसे साठवले, वर थोडे मामाने घातले. जुना पीसी चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा, सोबत जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. त्यावर जीटीए फाइव्ह साठच्या आसपास चालायचा. नवीन सामान: आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर, बी६६० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि आरएक्स ६६०० कार्ड. यादी माझी. लॅमिंग्टन रोडवर जाऊन खरेदीही मीच केली. जोडणी त्याने घरी केली आणि मी ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर "हो, बसलं, पुढे चल" म्हणत होतो.

रात्री अकराला फोन. "दादा, चाळीस येतायत. आधी साठ यायचे. पप्पांना काय सांगू?"

माझ्या बीटेक डोक्याने दहा सेकंदांत निकाल दिला: कार्ड डुप्लिकेट आहे. जुन्या कार्डावर नवीन नाव चढवून विकायचे प्रकार होतात, हे खरंच आहे. पण मी एकही आकडा बघितला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराला फोन लावून नको ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, गेम चालू असताना प्रोसेसरचं टेंपरेचर किती येतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी ओळखा, वाट कोण कुणाची बघतंय

एखाद्या डोशाच्या हॉटेलात डोकावा. एक माणूस ऑर्डर लिहून आत देतो, दुसरा तव्यावर डोसे घालतो. गेममध्ये ऑर्डर देणारा म्हणजे प्रोसेसर: कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कुठे वळली, हा सगळा हिशोब त्याचा. तव्यावरचा माणूस म्हणजे ग्राफिक्स कार्ड, ते चित्र काढतं. तुम्ही तवा मोठा आणलात, पण ऑर्डरच सावकाश येत असतील, तर तवा नुसता तापत राहणार. डोसे वाढणार नाहीत.

म्हणून एफपीएस कमी आला की पहिला प्रश्न हा: ग्राफिक्स कार्ड पूर्ण कामात आहे की रिकामं बसलंय?

हे बघायला काही विकत घ्यायला नको. गेम चालू ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, जीपीयूचा आकडा बघा. किंवा विंडोजचं बटण आणि जी दाबून गेम बार आणा. जरा खोलात जायचं असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर गेमच्या स्क्रीनवरच सगळे आकडे दाखवतो आणि एचडब्ल्यूइन्फो प्रोसेसरचं तापमान दाखवतो. दोन्ही फुकट आहेत.

आता अर्थ लावू. जीपीयू ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्ड जीव तोडून काम करतंय. सेटिंग कमी करा किंवा कार्डाची तेवढीच कुवत आहे हे मान्य करा. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर एक तर एफपीएसवर कुठेतरी मर्यादा लागलीय किंवा कार्ड प्रोसेसरची, रॅमची वाट बघतंय.

इथे बरेच जण फसतात. "पण माझा सीपीयू तर फक्त ३० टक्के दाखवतोय!" अहो, आय-फाइव्ह १२४०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड असतात. टास्क मॅनेजर सगळ्यांची मिळून सरासरी दाखवतो. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण दमला, तर एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. म्हणून सीपीयूच्या टक्क्यांवर विसंबू नका, जीपीयूचा आकडा बघा.

आमच्याकडे काय निघालं

भावाला म्हटलं, गेम लाव आणि मला फक्त तीन आकडे वाच. जीपीयू ४५ टक्के. प्रोसेसरचं तापमान १०० अंश. वेग दीड गिगाहर्ट्झच्या आसपास.

हा प्रोसेसर टर्बोमध्ये ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याची तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तुमचा फोन उन्हात गेम खेळताना गरम होऊन अडखळतो ना, अगदी तेच. मग मी विचारलं, "सुरुवातीपासूनच असं होतं का?" तो म्हणाला, "नाही दादा, पहिली एक-दोन मिनिटं मस्त चालतो, मग झोपतो." ही खूण लक्षात ठेवा. सुरुवातीला छान आणि मग घसरण, म्हणजे पहिला संशय उष्णतेवर.

इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार पिना असतात. त्या मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवायच्या. समोरासमोरच्या पिना जोडीने दाबायच्या, "खट्" असा आवाज येईपर्यंत, आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का ते बघायचं. आमची एक पिन अर्धवटच होती. कूलर एका बाजूने उचललेला, प्रोसेसरला नीट चिकटलेलाच नाही. ही तीच पिन, जिच्याकडे मोबाईलच्या स्क्रीनवर बघून मी "हो, बसलं" म्हणालो होतो.

भावाने कूलर काढला, जुनी थर्मल पेस्ट पुसली, रिपेअरच्या दुकानातून आणलेली पेस्ट मटारच्या दाण्याएवढी लावली आणि चारही पिना बसवल्या. तापमान ७० च्या आत, वेग चारच्या आसपास, गेम चाळीसवरून थेट ऐंशीच्या पुढे.

पण मधूनच झटका बसत होता. सरासरी एफपीएस चांगला असून गेम अडखळतो, हे कसं? ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. मध्येच एखादं चित्र १०० मिलिसेकंद लागून आलं, तरी सरासरी फारशी हलत नाही. डोळ्याला मात्र लगेच टोचतं. आफ्टरबर्नरमध्ये "वन पर्सेंट लो" नावाचा आकडा असतो, तो हेच पकडतो.

झटक्यांचं कारण रॅममध्ये निघालं. दोन्ही रॅम शेजारी-शेजारी लावल्या होत्या. रॅमकडे जायला प्रोसेसरला दोन वाटा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. चार स्लॉटच्या बोर्डावर शेजारचे दोन स्लॉट एकाच चॅनलचे असतात. म्हणजे कोठीच्या खोलीला दोन दारं, पण सगळी ये-जा एकाच दारातून. दोन रॅम असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. मदरबोर्डच्या पुस्तकात चित्र असतं, ते बघा.

वर रॅमचा वेगही कमी होता. खोक्यावर ३२००, चालत होती २६६६ वर. खोक्यावरचा वेग बऱ्याचदा आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. काही एएमडी बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, आणि एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्सपो. हिशोब बघा: २६६६ वर एका चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त साधारण २१ जीबी डेटा जातो, ३२०० वर दोन चॅनलमधून ५१.२ जीबी. दुपटीहून जास्त, तेही एक रुपया खर्च न करता. सीपीयू-झेड या फुकट प्रोग्राममध्ये मेमरीच्या पानावर चॅनल आणि वेग दोन्ही दिसतात. तिथे वेग निम्मा दिसेल, १६०० म्हणजे ३२००, घाबरू नका.

रॅम हलवली, एक्सएमपी लावलं. झटके गेले, गेम नव्वदच्या वर.

तुमच्याकडे वेगळं काही निघू शकतं

अपग्रेडनंतर नेहमी सापडणाऱ्या बाकीच्या गोष्टी, तपासायला सोप्या त्या आधी:

१. मॉनिटरची केबल कुठे आहे? ग्राफिक्स कार्डात हवी, मदरबोर्डात नाही. मदरबोर्डात असेल तर प्रोसेसरचं छोटं ग्राफिक्सच राबत असण्याची शक्यता जास्त.

२. एफपीएस बरोबर ६० वरच अडकलाय? मग बिघाड नाही, मर्यादा आहे. गेममधलं व्ही-सिंक बघा. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट बघा. नवीन जोडणीनंतर १४४ हर्ट्झचा मॉनिटरही कित्येकदा ६० वर बसलेला असतो.

३. जुने ड्रायव्हर. एनव्हिडियाचं कार्ड काढून एएमडीचं लावलं, किंवा उलट, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या प्रोग्रामने जुनं सगळं काढून नवीन ड्रायव्हर टाका.

४. कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे? सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्ये हवं. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी स्वस्त बोर्डांवर त्याच्या आत तारा कमी असतात. जीपीयू-झेडमध्ये "बस इंटरफेस" बघा. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड तर मुळातच चार लेनचं आहे, त्यामुळे जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या बोर्डावर त्याचा वेग आणखी घटतो.

५. कधीकधी चूक खरंच सॉफ्टवेअरची असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा रायझन प्रोसेसरच्या एल३ कॅशमध्ये गडबड झाली होती आणि काही ईस्पोर्ट्स गेममध्ये १० ते १५ टक्के फटका बसू शकतो, असं एएमडीनेच सांगितलं होतं. २०२२ च्या २२एच२ अपडेटनंतर एनव्हिडियाच्या कार्डांवर गेम अडखळायला लागले होते. दोन्ही वेळा दुरुस्ती आली. म्हणून त्रास नेमका कुठल्या दिवशी सुरू झाला, ते आठवा. त्याच दिवशी अपडेट झालं असेल, तर हार्डवेअर उघडायची घाई करू नका.

आणि एक नियम: एका वेळी एकच बदल. बदल करा, त्याच गेममध्ये त्याच जागी पाच मिनिटं खेळा, आकडा लिहा, मग पुढचा बदल. सगळं एकदम बदललं, तर कशाने बरं झालं ते कळत नाही. उद्या पुन्हा बिघडलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

त्या फोनचं काय झालं?

पिन बसली त्याच संध्याकाळी मी दुकानदाराला फोन केला. खरं सांगायचं तर फोन लावायच्या आधी अर्धा तास नुसता नंबर बघत होतो. म्हटलं, "काका, कार्ड बरोबर आहे. चूक आमची होती. सकाळी मी जे बोललो त्याबद्दल माफ करा." ते हसले आणि म्हणाले, "पिन ना? आठवड्याला एक तरी फोन येतो."

म्हणजे त्यांना सकाळीच अंदाज आला होता. तरी त्यांनी मला चुकीचं ठरवलं नाही, फक्त एक आकडा विचारला. मी दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. लॉग बघितल्याशिवाय बोलू नका, असं ज्युनियरना सांगतो. घरच्या पैशाचा प्रश्न आला, भाऊ रडवेला झाला, आणि मी नेमकं तेच विसरलो.

मामाला मात्र भावाने काहीच सांगितलं नाही. फक्त हॉलमध्ये बोलावून गेम दाखवला. मामा दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता सबमिशनही एवढंच फास्ट होऊ दे."

चला, आज इथेच थांबू. तुमचा पीसी अडखळत असेल तर आधी तीन आकडे लिहून काढा: जीपीयू किती टक्के, प्रोसेसरचं तापमान किती, वेग किती. दुकानदाराला फोन त्यानंतर. भेटू पुढच्या भागात!