राउटरमधील मार्गनिश्चिती व पत्ता रूपांतरण

मार्गनिश्चिती व पत्ता रूपांतरण ही राउटर या उपकरणाची दोन प्रमुख कार्ये होत. आलेले माहितीचे पॅकेट कोणत्या दिशेने पुढे पाठवायचे हे ठरविणे म्हणजे मार्गनिश्चिती. पुढे पाठविताना त्यावरील प्रेषकाचा किंवा प्राप्तकर्त्याचा आयपी पत्ता बदलणे म्हणजे पत्ता रूपांतरण; यास 'नॅट' असे म्हणतात. घरगुती राउटरमध्ये ही दोन्ही कार्ये एकत्र चालत असल्याने ती एकच समजली जातात. राउटरची मांडणी करताना होणाऱ्या अनेक घोटाळ्यांचे मूळ या गैरसमजात असते.

मार्गनिश्चिती

राउटरजवळ मार्गांची सारणी असते. तीत बहुधा पूर्ण पत्ते नसून पत्त्यांचे आरंभीचे भाग, म्हणजे उपसर्ग, नोंदलेले असतात. भारतीय टपालात १५ ऑगस्ट १९७२ पासून रूढ झालेला पिनकोड याच्याशी मिळताजुळता आहे. धुळे शहराचा पिनकोड ४२४००१ व जळगावचा ४२५००१ आहे. परंतु जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचा ४२४१०१, तर धुळे जिल्ह्यातील शिरपूरचा ४२५४०५ आहे. टपालाची विभागणी आरंभीच्या अंकांवरून होते, जिल्ह्याच्या हद्दीवरून नव्हे. राउटरही पत्त्याचा केवळ उपसर्ग पाहतो. एकाहून अधिक नोंदी जुळल्यास सर्वांत लांब उपसर्गाची नोंद ग्राह्य धरली जाते. विशिष्ट अशी कोणतीच नोंद न जुळल्यास पॅकेट 'डिफॉल्ट' मार्गाने, बहुधा सेवादात्याकडे, रवाना होते.

एखाद्या संस्थेचे मुख्य कार्यालय जळगावला व शाखा धुळ्याला आहे असे समजू. दोन्हीकडचे राउटर कारखान्यातून आले तसेच वापरले, तर दोहोंकडे १९२.१६८.१.० हेच जाळे असण्याचा संभव मोठा. मग दोन्ही ठिकाणे व्हीपीएनने जोडूनही जळगावच्या संगणकाला धुळ्याचा संगणक सापडत नाही; तो पत्ता त्याला आपल्याच खोलीतला वाटतो. यासाठी आधी जाळी वेगळी करावी लागतात. उदाहरणार्थ, जळगावला १९२.१६८.१०.० व धुळ्याला १९२.१६८.२०.०. नंतर जळगावच्या राउटरवर धुळ्याच्या जाळ्याचा आणि धुळ्याच्या राउटरवर जळगावच्या जाळ्याचा मार्ग नोंदवावा लागतो. दुसरी नोंद हमखास विसरली जाते. अशा वेळी प्रश्न पोहोचतो, परंतु उत्तराला परतीची वाट नसते. व्हीपीएनमधून जाणारी ही पॅकेटे पत्ता रूपांतरणातून वगळणेही आवश्यक असते.

पत्ता रूपांतरण

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. हा तुटवडा ओळखून कील्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये पत्ता रूपांतरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. फेब्रुवारी १९९६ च्या मानकाने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी आरंभ होणारे पत्ते खासगी वापरासाठी निश्चित केले. हे पत्ते सार्वजनिक महाजालावर चालत नाहीत. जागतिक साठ्यातील शेवटचे पत्ता-संच ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले.

घरातील १९२.१६८.१.२० या संगणकाने एखादे संकेतस्थळ मागितले की राउटर त्यावरील खासगी पत्ता काढून आपला सार्वजनिक पत्ता घालतो, एक पोर्ट क्रमांक देतो व ही जोडी सारणीत लिहून ठेवतो. आलेले उत्तर त्या क्रमांकावरून योग्य संगणकाकडे जाते. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटाची मात्र सारणीत नोंद नसते, म्हणून ते टाकून दिले जाते. रावेरच्या केळीच्या वखारीतील कॅमेरा जळगावच्या घरून थेट पाहावयाचा असल्यास वखारीतल्या राउटरवर 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची कायमची नोंद करावी लागते. अशी नोंद म्हणजे साऱ्या जगासाठी उघडलेले दार असते. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड न बदलता ती करणे धोक्याचे आहे. पत्ता रूपांतरणाने आतील पत्ते झाकले जातात, तरी ते फायरवॉलची जागा घेऊ शकत नाही.

सेवादात्याकडील रूपांतरण

सर्व नोंदी अचूक असूनही कॅमेरा दिसत नसेल, तर राउटरच्या स्थितीपृष्ठावरील 'वॅन' पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा किंवा १० ने आरंभ होणारा असल्यास सेवादाताही पत्ता रूपांतरण करीत आहे असे समजावे. यांपैकी पहिला पट्टा एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. येथे ग्राहकाने आपल्या राउटरवर काहीही बदलले तरी उपयोग होत नाही, कारण बाहेरचे दार त्याच्या ताब्यात नसते. सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे, आतून बाहेर जाणारी व्हीपीएन जोडणी वापरणे किंवा आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा अवलंब करणे हे पर्याय उरतात. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने पत्ते वाचविण्यासाठी रूपांतरणाची गरज नसते. फायरवॉल मात्र जाणीवपूर्वक लावावी लागते.

या व्यवस्थेत अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याने ओळखले जातात. त्यामुळे गुन्ह्याच्या तपासात केवळ आयपी पत्त्यावरून एखाद्या घराकडे बोट दाखविणे अन्यायाचे ठरू शकते. पोर्ट क्रमांक व अचूक वेळ यांचीही जोड लागते. 'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादाते व कंपन्या यांनी प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. कार्यालयीन राउटरवरही वेळ जुळविण्याची सुविधा चालू ठेवावी व नोंदी जतन कराव्यात, म्हणजे विचारणा झाल्यास त्या वेळी ती जोडणी आतील कोणत्या संगणकाची होती हे दाखविता येते.