मेंदूचा प्राणवायू

थकलेल्या कामगाराला ‘कामचुकार’ म्हणताना आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यालाही हाच शब्द ऐकावा लागतो. या रोगात मज्जातंतूंवरील वेष्टण, विजेच्या तारेवरील रबरासारखे, जागोजाग झिजते. माणूस वरून धडधाकट, आतून गळालेला.

मेंदू वजनाने देहाच्या २ टक्के. प्राणवायू मात्र २० टक्के खातो. प्राणवायू गमावलेले रक्त चुंबकाकडे किंचित ओढले जाते, हे पाउलिंग व कॉरियेल यांनी १९३६ साली दाखविले. त्याच गुणावरून एमआरआय यंत्र परतणाऱ्या रक्तात प्राणवायू किती उरला ते सांगते. गेलेल्यातून उरलेला वजा करून रक्तप्रवाहाने गुणावे, की खप निघतो. २०१२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांना या रोग्यांत तो कमी आढळला. अपंगत्व अधिक, तेथे खप आणखी कमी.

हे थकव्याचे माप नव्हे. पण न दिसणारे दुखणे खोटे नसते, एवढे आपण त्यातून निश्चित शिकावे.