तळ्याकाठची तुटक रेषा

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा नकाशा काढून आणा आणि चांगल्या उजेडात पसरून बघा. गट नंबरांच्या गर्दीतून बारीक तुटक रेषा गेलेल्या दिसतील. दुहेरी तुटक रेषा असेल तर ती गाडीवाट, एकेरी असेल तर पायवाट. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. त्यातले चार आणे, म्हणजे सव्वाआठ फूट, पायवाटेच्या वाट्याला आले. कागदावर हे माप आजही शाबूत आहे. जमिनीवर मात्र दोन्हीकडून धुरा कोरला जातो, दर पेरणीला वीतभर वाट शेतात जाते आणि शेवटी एका माणसाने पाय जपून टाकावा एवढीच पट्टी उरते.

फ्रान्समधल्या सोलोन्य या भागाविषयी वाचताना मला सारखी ही तुटक रेषा आठवत होती. लोआर आणि शेर या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचा. सपाट, रेताड, खाली चिकणमाती. पाणी मुरत नाही, म्हणून जागोजाग साचते. मध्ययुगात लोकांनी या पाण्याला बांध घालून मासे पाळायला तळी केली. पुढे ती गाळाने भरली, हिवतापाने वस्ती बेजार झाली. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या नेपोलियनच्या काळात चर खणून दलदलीचे पाणी काढले गेले आणि पाइनची लागवड झाली. आज तिथे जंगल आहे, मधेमधे हजारो तळी आहेत आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या, नेमक्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. हे निसर्गाने दिलेले दृश्य नव्हे. माणसाने बिघडवलेली आणि मग माणसानेच सावरलेली ही जमीन आहे, आणि मला ती म्हणूनच जवळची वाटते.

या पायवाटांची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. झाँ लोआझो या भटक्याच्या पुढाकाराने १९४७ साली लांब पल्ल्याच्या वाटांची समिती स्थापन झाली. त्याच वर्षी ओर्लेआँ ते बोझाँसी हा लोआरकाठचा पहिला टप्पा रंगवला गेला, सोलोन्यच्या अगदी उंबरठ्यावर. खूण साधी आहे. झाडाची साल ब्रशने साफ करायची आणि डोळ्यांच्या उंचीवर दोन आडव्या पट्ट्या काढायच्या: वर पांढरी, खाली तांबडी, प्रत्येकी साधारण १० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद. वाट वळत असेल तर खाली बाण. चुकीच्या फाट्यावर त्याच दोन रंगांची फुली. गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांना पिवळी पट्टी. हे रंगकाम पगारी नोकर करत नाहीत. त्या त्या भागातले स्वयंसेवक आपापला तुकडा वाटून घेतात, खुणा पुसट झाल्या की पुन्हा रंगवतात, वाढलेल्या फांद्या छाटतात. अशा खुणांच्या वाटा आज फ्रान्सभर १,८०,००० किलोमीटरहून जास्त आहेत.

रंगाच्या पाठीशी कायदा उभा आहे. १९८३ पासून प्रत्येक जिल्ह्याला आपल्या पायवाटांची यादी करण्याची तरतूद झाली. यादीतली ग्रामीण वाट विकायची तर तितकीच चालण्याजोगी पर्यायी वाट आधी द्यावी लागते. पण सगळे सुरळीत आहे असे नाही. सोलोन्यमधली बहुतेक जमीन खासगी, शिकारीच्या हौसेसाठी राखलेली. तिथल्या मालकांनी मैलोन् मैल उंच जाळ्या ठोकल्या. हरणे, रानडुकरे आत अडकली आणि चालणाऱ्याला दोन्ही बाजूंनी तारच दिसू लागली. लोक चिडले, आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजी कायदा झाला: जाळीची उंची १.२० मीटरपेक्षा जास्त नको आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर मोकळी हवी. त्याच कायद्याने विनापरवाना खासगी रानात शिरणाऱ्या माणसाला दंडही लावला. रानडुकराला वाट मिळाली, माणसाला मात्र खुणेच्या पायवाटेपुरतेच राहावे लागते. यादीवर नसलेली वाट तिथे टिकणार नाही.

महाराष्ट्रात रान आणि तळी अशी हातात हात घालून असलेला मुलूख म्हणजे झाडीपट्टी. गोंदिया, भंडारा आणि लगतचा चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग. गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे तलाव बांधले, एका तलावाचा सांडवा दुसऱ्यात, त्याखाली भाताचे बांध. मोठा तो तलाव, शेतापुरती ती बोडी, पाणी सोडायचे ते तुडूम. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे गॅझेटियर सांगते. त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच नवेगावबांधला राहिले आणि पाखरांची ओळख त्यांनी तळ्याकाठी पायी हिंडून, तिथल्या जाणत्या माणसांकडून करून घेतली. मराठीला पक्ष्यांविषयीचे इतके शब्द मिळाले ते या पायपिटीतून.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. ज्याच्या दारात तलाव होता त्याची जबाबदारी संपली, नव्या मालकाचे कार्यालय दूर. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, देवधान आणि कमळ हटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांना सोबत घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासे परतले. हे काम मला कुठल्याही पर्यटन प्रकल्पाहून मोठे वाटते. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे पायी हिंडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण असंख्य तलाव प्रकल्पाबाहेर, गावाच्या शिवारात आहेत. त्यांच्या पाळीवरून या गावातून त्या गावात जाणारी, हिवाळ्यात पाखरे दाखवणारी वाट आखायला कुणाची हरकत असावी?

आता आपल्या जालन्याकडे या. जंगल आपल्याकडे जवळजवळ नाहीच. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्केही नाही. तळी मात्र आहेत, आणि त्यांचा इतिहास चालून बघण्यासारखा आहे. काळी मशीद बांधणाऱ्या जमशेदखानानेच मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून ते पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. पुढे निजामाच्या राजवटीत कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा जलाशय झाला. तिथले पाणी विजेचा पंप न लावता, निव्वळ उतारावरून, शहरात येते. ज्या शहराला टँकरची वाट बघण्याची सवय लागली, त्याच्याकडे हे दोन धडे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने तलावातला गाळ निघाला आणि तो शेतकऱ्यांच्या रानात पडला, हे जालनेकरांना सांगायला नको. पण त्या पाण्याची वाट, म्हणजे जलाशयापासून कुंडलिकेच्या काठाने जुन्या जालन्यापर्यंतचा प्रवास, किती जणांनी पायी केला असेल?

आपण चालणारी माणसे नाही असे कुणी म्हणू नये. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना जालन्यातूनच पुढे जाते, आणि तिच्यासोबत ऐंशीचे आजोबाही चालतात. गडकिल्ल्यांवर तरुणांची रीघ असते. देवासाठी आणि चढणीसाठी आपण चालतो. सपाट रानातून, पाण्याच्या ओढीने, कुठल्याही शिखराविना चालणे तेवढे राहून गेले आहे. दिंडीही आता डांबरी रस्त्यानेच जाते, कारण जुन्या वाटा मोडल्या.

त्या मोडल्या असल्या तरी हक्क मोडलेला नाही. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. बांधावरून नवी वाट हवी तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री योजना आली, आणि २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय शासनाने केला. हे सारे शेतमाल आणि ट्रॅक्टर यांच्यासाठी, आणि ते आधी हवेच. पण ज्या पाणंदीवरून ट्रॅक्टर जातो, तिच्यावरून शाळेची सहलही जाऊ शकते.

सुरुवात मोती तलावापासून करता येईल. मोती तलाव ते घाणेवाडी यांच्या दरम्यानच्या गावांचे नकाशे काढायचे, कुंडलिकेच्या काठाकाठाने कुठे तुटक रेषा आहे ते तलाठ्याला सोबत घेऊन जागेवर ताडून बघायचे. जिथे रेषा नाही तिथे शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारायचे, पीक उभे असताना पाय टाकणार नाही असा शब्द द्यायचा. काळ्या रानात पावसाळ्यात पायाला चिखलाचे गोळे चढतात, तेव्हा मुहूर्त दिवाळीनंतरचा. रंग कुठलाही चालेल. झाडे कमी आहेत, तेव्हा पट्ट्या दगडांवर आणि पुलाच्या कठड्यांवर काढाव्या लागतील, आणि दर दसऱ्याला त्या पुन्हा रंगवायचे काम कोणत्या शाळेचे, कोणत्या मंडळाचे, हे आधीच नावानिशी ठरवून घ्यावे लागेल.