धामापूरचा तलाव आणि ऑर्व्हिएतोची विहीर : एका स्मृतिपदकाचे वाचन

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात धामापूर हे गाव वसलेले आहे. भगवतीच्या मंदिरालगतचा तेथील तलाव १५३० मध्ये नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने बांधविला, असे मानले जाते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाचा समावेश जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत केला. याच सुमारास इटलीतील ऑर्व्हिएतो या नगरात पोप सातवे क्लेमेंट यांच्या आज्ञेने एक खोल विहीर खोदली जात होती, आणि १५३४ मध्ये त्या विहिरीप्रीत्यर्थ एक स्मृतिपदक सिद्ध झाले. पोप हे रोमचे बिशप असल्याने कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या पदकांमध्ये त्यांच्या पदकांना अग्रस्थान आहे. अशा पदकाकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या दोन जलकामांची सांगड घालण्यास आणखी एक कारण आहे. ३१ जानेवारी १५३३ रोजी गोवा धर्मप्रांताच्या स्थापनेचा निर्णय याच क्लेमेंट यांनी घेतला. त्यासंबंधीचा पुढील आज्ञालेख त्यांच्या निधनानंतर, ३ नोव्हेंबर १५३४ रोजी, पोप तिसरे पॉल यांनी काढला. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज दीर्घकाळ गोव्याच्या धर्मसत्तेखाली होता. पुढे तो पुणे धर्मप्रांतात आला आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. तेव्हा पदकावरील मुद्रा कोकणाला सर्वस्वी परकी नाही.

पदकाचे स्वरूप

स्मृतिपदक हे नाणे नव्हे. त्यावर मूल्य अंकित नसते आणि ते व्यवहारात चालत नाही. ख्रिस्ती कुटुंबांत गळ्यात घालावयाचे, वर कडी असलेले लहान भक्तिपदकही याहून वेगळे; ते धारण करण्यासाठी असते, तर स्मृतिपदक हातात घेऊन न्याहाळण्यासाठी व भेट देण्यासाठी असते. या कलाप्रकाराचा आरंभ सामान्यतः पिसानेल्लो या चित्रकारापासून मानतात. फेरारा येथील धर्मपरिषदेसाठी आलेल्या बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचे पदक त्याने १४३८ च्या सुमारास ओतविले. पुढे पोप दुसरे पॉल म्हणून प्रसिद्धीस आलेले पिएत्रो बार्बो हे कार्डिनल व व्हिचेन्झाचे बिशप असताना त्यांनी रोममध्ये प्रासाद बांधविला. तेव्हा १४५५ हे वर्ष असलेली पदके मातीच्या भांड्यांत घालून भिंतींत चिणण्यात आली. घराच्या पायात नाणे ठेवण्याची आपल्याकडील रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटू नये.

क्लेमेंट यांचे पदक

हे पदक बेन्व्हेनुतो चेल्लिनी या सुवर्णकाराने घडविले. ते ओतीव नसून ठशांनी टंकित केलेले आहे. पुढील बाजूस पोपची मुद्रा आहे. मागील बाजूस मोशे खडकावर काठीचा प्रहार करून तहानलेल्या लोकांसाठी पाणी काढतो, हा बायबलमधील प्रसंग कोरला असून ‘उत् बिबात् पोपुलुस्’ हा लॅटिन लेख आहे. ‘लोकांना पाणी पिता यावे म्हणून’ असा त्याचा अर्थ होय.

आता प्रत्यक्ष विहिरीकडे वळू. मे १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले. पोप आधी किल्ल्यात अडकून पडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात निसटून ऑर्व्हिएतोस गेले. हे नगर उभ्या कड्यांच्या खडकावर वसलेले आहे. वेढा पडल्यास पाण्यावाचून शरण जावे लागणार, हे उघड होते. म्हणून अंतोनिओ दा सांगाल्लो (धाकटा) या वास्तुशिल्पीकडून विहिरीचे काम हाती घेण्यात आले. विहीर सुमारे ५३ मीटर खोल असून तिच्या कडेने एकमेकांना न भेटणारे दोन सर्पिल उतार आहेत. पाणी वाहणारी खेचरे एका उताराने खाली जात व दुसऱ्याने वर येत, त्यामुळे कोंडी होत नसे. हे काम १५३७ मध्ये, क्लेमेंट यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण झाले.

पदक व विहीर शेजारी ठेवून पाहिल्यास तफावत ध्यानी येते. पदकावर लुटीचा उल्लेख नाही, वेढ्याचे भय नाही, सांगाल्लोचे नाव नाही, खोदणारे मजूर तर नाहीतच. भीतीपोटी केलेले काम पदकावर दयेचे कृत्य झाले आहे, आणि अपुऱ्या विहिरीतून १५३४ मध्येच पाणी वाहू लागले आहे! विहीर केव्हा पुरी झाली हे ठरविण्यासाठी पदकाचा आधार घेणे चुकीचे ठरेल. मात्र पोपला आपली आठवण कोणत्या रूपात राहावी असे वाटत होते, यासाठी त्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. चेल्लिनीने आत्मचरित्रात सांगितले आहे की, तयार पदके घेऊन तो गेला तेव्हा पोप मृत्युशय्येवर होते. दिवे व चष्मा आणवूनही त्यांना काही दिसेना. त्यांनी बोटांनी पदके चाचपली आणि उसासा टाकला.

पदकाचे दुसरे बळ म्हणजे त्याच्या अनेक प्रती. ऑगस्ट १५७२ मध्ये फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी काढलेल्या पदकावर हाती क्रूस व तलवार घेतलेला देवदूत आणि पडलेली प्रेते दाखविली आहेत. पुढील काळात हे पदक अडचणीचे झाले. तथापि हातोहात गेलेल्या प्रती परत कोण घेणार?

धामापुरातील स्मृती

धामापूरच्या तलावासाठी कोणी पदक काढले नाही. तेथील लोकस्मृती कथेच्या रूपाने टिकली आहे : लग्नकार्यासाठी फुलांची परडी पाण्यावर सोडली की तलाव दागिने देई, कार्य आटोपल्यावर ते परत करावयाचे. कोणीतरी ते परत केले नाहीत आणि तलावाने देणे थांबविले. पदकात दात्याचे नाव आहे. कथेत मुख्यतः घेणाऱ्याची जबाबदारी आहे. माझ्या मते पाणी वाटून घेणाऱ्या गावाचा व्यवहार समजण्यास ही कथा पदकाइतकीच उपयुक्त आहे. मात्र तिला तारीख नाही, आणि सांगणाऱ्यागणिक ती बदलते. पदक बदलत नाही. ते पहिल्या दिवसापासून एकच बाजू सांगत राहते.

कोकणातील ख्रिस्ती घरांत जुनी पदके आढळल्यास इतिहास विभागांनी ती मागून न घेता तेथेच नोंदवावीत. व्यास, वजन, धातू, दोन्ही बाजूंचे लेख व छायाचित्रे, पदक ओतीव की टंकित, आणि घरात ते कसे आले याविषयी कुटुंबाचे म्हणणे, एवढी नोंद पुरेशी आहे. छायाचित्रापूर्वी चिंच किंवा आमसूल लावून पदक घासू देऊ नये. त्याने धातू उजळतो, पण पृष्ठभागावरील जुना थर जातो आणि कडेच्या लेखातील झिजलेली अक्षरे अधिकच पुसट होतात.