जपानच्या शाळेत एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून जायचं, म्हणजे नेमकं काय?

ॲनिमे पाहणाऱ्यांना जपानी शाळा पाठ असते. खिडकीजवळचं शेवटचं बाक, चेरीची फुलं, गच्चीवर बसून खाल्लेला डबा. प्रत्यक्षात बहुतेक शाळांच्या गच्चीला कुलूप असतं. एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून तिथे पोचलेल्या मुलाला बसणारा हा पहिला आणि सगळ्यात छोटा धक्का.

दरवर्षी वेगवेगळ्या देशांतली १५ ते १८ वर्षांची मुलं काही महिने ते एक वर्षासाठी जपानमध्ये जातात. ती जपानी कुटुंबात राहतात आणि तिथल्याच मुलांसोबत साध्या शाळेत शिकतात. भारतातूनही मुलं जातात. पण हे सगळं चालतं कसं? आणि त्या वर्षात खरी परीक्षा कसली असते?

कोण पाठवतं, कोण ठेवून घेतं?

या क्षेत्रातलं जुनं नाव म्हणजे एएफएस. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना अँब्युलन्समधून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची ही संघटना. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने ठरवलं की, देशादेशांतली मुलं एकमेकांच्या घरी राहिली तर पुढचं युद्ध टळायला मदत होईल. जपान १९५४ मध्ये या देवाणघेवाणीत आला. रोटरीचाही युथ एक्स्चेंज कार्यक्रम आहे. त्यात वर्षभरात एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहावं लागू शकतं.

२०१८ मध्ये जपान सरकारने 'आशिया काकेहाशी' हा प्रकल्प सुरू केला. काकेहाशी म्हणजे जोडणारा पूल. आशियाई देशांतले १,००० विद्यार्थी पाच वर्षांत जपानच्या शाळांमध्ये आणायचे, असं त्याचं उद्दिष्ट होतं. त्यात भारतही होता.

प्रक्रिया साधारण अशी असते: निवड झाली की जपानचं इमिग्रेशन खातं पात्रतेचं प्रमाणपत्र देतं, त्यावर व्हिसा मिळतो. तिथे घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आत स्थानिक पालिका कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो.

शाळेचा दिवस कसा असतो?

जपानमध्ये सक्तीचं शिक्षण नववीपर्यंत संपतं. त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे हायस्कूल, आपल्याकडची साधारण दहावी ते बारावी. तिथे बहुतेक मुलं प्रवेश परीक्षा देऊन येतात. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. एक्स्चेंजच्या मुलांना बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात बसवतात, कारण तिसऱ्या वर्षाची मुलं विद्यापीठाच्या प्रवेशाच्या तयारीत असतात.

दारातच बूट काढून कपाटात ठेवायचे आणि शाळेत वापरायच्या सपाता घालायच्या. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला उभं राहायचं, वाकून नमस्कार करायचा, बसायचं. ५० मिनिटांचा एक तास, असे साधारण सहा. दिवसाच्या शेवटी वर्ग, जिने, कधी स्वच्छतागृहंही मुलंच झाडतात, पुसतात. ही शिक्षा नसते, ते वेळापत्रकातलंच काम असतं.

नियमही भरपूर. गणवेश, केस, नखं, मेकअप, मोबाइल, सगळ्यावर. त्यावरून जपानमध्येच मोठा वाद झाला आहे. ओसाकातल्या एका मुलीने २०१७ मध्ये दावा केला की, तिचे केस मुळात तपकिरी असताना शाळेने ते काळे करायला लावले. २०२१ मध्ये न्यायालयाने तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, पण केसांबद्दलचा नियम मात्र वैध ठरवला. त्यानंतर टोकियो महानगराच्या सरकारी हायस्कूलांनी एप्रिल २०२२ पासून केस काळे करायला लावण्यासारखे नियम काढून टाकले. बाहेरून आलेल्या मुलांना काही शाळा सूट देतात, काही देत नाहीत. ते आधी विचारून ठेवलेलं बरं.

मराठी मुलाला जपानी किती अवघड?

लिपी अवघड. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं काही आठवड्यांत जमतात. पण रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी चिन्हांची संख्या २,१३६ आहे. त्यामुळे सुरुवातीला इतिहासाचं पुस्तक म्हणजे नुसती चित्रं वाटतात.

बोलणं मात्र वाटतं तेवढं परकं नाही. मराठीसारखंच जपानीत क्रियापद शेवटी येतं. 'ने', 'ला', 'चा' जसे शब्दाच्या मागे लागतात, तसे तिथलेही प्रत्यय मागेच लागतात. तू, तुम्ही, आपण यांतला फरक समजणाऱ्याला जपानीतली आदराची भाषा निदान कशासाठी आहे ते कळतं.

आणखी एक गंमत. जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते. पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच वर्णमालेचा आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी जी सिद्धम् लिपी अभ्यासली, तिच्यातून तो जपानमध्ये गेला.

मग खरी अडचण कुठे येते?

अडचण येते ती पाहुणेपण संपल्यावर. पहिले काही दिवस वर्ग भोवती जमतो. नाव, आवडता ॲनिमे, कढी-भात की करी, सगळं विचारून होतं. मग सगळे आपापल्या घोळक्यात परततात. बोलायला कोणी येत नाही आणि आपल्याला जाऊन बोलता येत नाही. याचा अर्थ आपण नकोसे झालो, असा नसतो. वर्गातल्या मुलांचं इंग्रजी बहुतेक परीक्षेपुरतं असतं आणि चारचौघांत चुकण्याचा संकोच मोठा असतो.

ही कोंडी वर्गात क्वचित फुटते. ती फुटते शाळा सुटल्यावर, 'बुकात्सु'मध्ये. बुकात्सु म्हणजे शाळेचे क्लब: केंदो, धनुर्विद्या, बेसबॉल, बँड, चहा-विधी. आपल्याकडच्या छंदवर्गासारखं इथे आज हा, उद्या तो, असं चालत नाही. एक क्लब निवडायचा आणि जवळजवळ रोज जायचं, अनेक ठिकाणी शनिवारीसुद्धा. मोठे ते सेनपाई, धाकटे ते कोहाई. कोहाईने आधी पोचायचं, सामान मांडायचं, नंतर आवरायचं.

इथे फार बोलावं लागत नाही. हातात फडकं घेऊन इतरांबरोबर फरशी पुसता आली तरी सुरुवात होते. भारतातून ऑगस्टच्या सुमारास पोचलेल्या मुलासाठी वेळही बरी असते. अनेक क्लबांतून तिसऱ्या वर्षाची मुलं उन्हाळ्यात बाहेर पडलेली असतात, नवी घडी बसत असते. लगेच सांस्कृतिक महोत्सवाची तयारी सुरू होते आणि कामाला हात कमीच पडत असतात.

घर, डबा आणि विश्वास

यजमान कुटुंबं बहुतेक कार्यक्रमांत पैसे न घेता मुलाला ठेवून घेतात. म्हणून तो तिथे भाडेकरू नसतो. घरी आल्यावर 'तादाइमा' म्हणायचं, म्हणजे 'आलो'. टबात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, कारण तेच गरम पाणी नंतर घरातले सगळे वापरतात. हायस्कूलमध्ये बहुधा डबा न्यावा लागतो आणि तो करायला कोणीतरी पहाटे उठलेलं असतं.

शाकाहारी मुलांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी. मिसो सूप दिसायला शाकाहारी असलं, तरी त्याचा अर्क बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. कोम्बु या समुद्री वनस्पतीचा अर्क हा त्याला पर्याय आहे. 'मी मांस खात नाही' एवढंच सांगितलं तर मासा त्यात धरला जाईलच असं नाही.

दुसऱ्याचं मूल घरात घेणं म्हणजे काय, हे जपानला एका घटनेने फार जवळून दाखवलं. नागोयाचा १६ वर्षांचा योशिहिरो हात्तोरी एएफएसतर्फे अमेरिकेत शिकत होता. १७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुईझियानातल्या बॅटन रूजमध्ये तो हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालकाने बंदूक रोखून 'फ्रीझ' असा इशारा दिला. योशिहिरो पुढे येत राहिला आणि गोळी लागून गेला. फौजदारी खटल्यात मालक निर्दोष सुटला.

त्याच्या आईवडिलांनी अमेरिकेतल्या बंदुकांविरोधात जपानमध्ये १७ लाखांवर सह्या गोळा केल्या आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मुलाच्या नावाने निधी उभारला, अमेरिकी विद्यार्थ्यांना जपानमध्ये येऊन राहता यावं म्हणून.

जाण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात आधी वर्ष. ऑगस्ट ते मार्च जपानमध्ये गेले, तर इथलं जवळजवळ पूर्ण वर्ष जातं. दहावी आणि बारावीत बोर्डाची परीक्षा असते, त्यामुळे अकरावीचाच विचार जास्त होतो. अनेक जपानी शाळा एक्स्चेंजच्या मुलांना नियमित गुण किंवा श्रेयांक देत नाहीत, फक्त प्रमाणपत्र देतात. ते ग्राह्य धरणार की अकरावी पुन्हा करावी लागणार, हे आपल्या महाविद्यालयाकडून आणि बोर्डाकडून लेखी घ्या.

दुसरं, शिष्यवृत्तीत काय बसतं आणि काय नाही: विमान, विमा, गणवेश, शाळेची सहल, क्लबचं साहित्य. तिसरं, यजमान घरात जमलं नाही तर कोणाशी बोलायचं? चांगल्या संस्था स्थानिक संपर्क व्यक्ती देतात आणि गरज पडल्यास घरही बदलून देतात. घर बदलावं लागणं म्हणजे अपयश नाही, हे पालकांनी मुलाला निघण्याआधीच सांगावं.

आणि घरच्यांसाठी एक. रोज तासभर व्हिडिओ कॉल केला, तर मूल जपानमध्ये झोपेल फक्त, राहील आपल्याच घरात. आठवड्यातून एक फोन पुरतो. बाकीच्या संध्याकाळी त्याला क्लबमध्ये फरशी पुसू द्या.