सांडपाणी पिणारं शहर

आज आंघोळीला वापरलेलं पाणी काही दिवसांनी आपल्याच पेल्यात आलं तर? नाक मुरडू नका. नामिबियाची राजधानी विंडहोक इथे १९६८ पासून हेच चाललंय, आणि त्या पाण्यामुळे साथ पसरल्याची नोंद नाही.

शहराची गोचीच तशी आहे. वर्षाचा पाऊस सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास आणि उन्हाने उडून जाणारं पाणी त्याच्या कितीतरी पट. बारमाही नद्या देशाच्या सीमेवर. ओकावांगो गाठायची तर सुमारे सातशे किलोमीटर. उथळ ओमाटाको धरणात पाणी आलं की ते खोल फॉन बाख धरणात नेऊन टाकतात, नाहीतर सूर्यच पिऊन टाकायचा! अशा ठिकाणी १९९० च्या स्वातंत्र्यानंतर माणसांची रीघ लागली. १९९१ मध्ये दीड लाखाच्या आसपास असलेली वस्ती २०२३ च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या पुढे गेली.

आता गंमत बघा. माणसं वाढली म्हणून पाऊस वाढत नाही, सांडपाणी मात्र हटकून वाढतं. भर दुष्काळातही न आटणारा झरा तो हाच.

घरगुती सांडपाणी आधी नेहमीसारखं शुद्ध होतं आणि मग गोरेआंगाब केंद्रात येतं. तिथे गाळाच्या बारीक कणांच्या गुठळ्या करून त्या हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवतात आणि वरच्यावर काढून घेतात. मग वाळूची गाळणी, मग ओझोन. ओझोन जंतू मारतो आणि मोठे सेंद्रिय रेणूही तोडतो. ते तुकडे पुढे कार्बनच्या थरात वस्ती केलेले जिवाणू खाऊन टाकतात. ज्यांच्या धाकाने पाणी उकळायचं, त्यांच्याच भाऊबंदांकडून साफसफाई! त्यानंतर जिवाणूही अडवणारे सूक्ष्म पडदे, शेवटी क्लोरीन. मोजमाप जरा बिघडलं की शहराकडे जाणारं पाणी बंद. २००२ मध्ये सुरू झालेल्या नव्या केंद्राची क्षमता रोज २ कोटी १० लाख लिटर आहे. हे पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून थेट नळाला येतं.

कारखान्यांचं सांडपाणी मात्र या वाटेला येऊच देत नाहीत, ते वेगळ्या केंद्राकडे जातं. सगळी भिस्त या वेगळेपणावर आहे.

आपल्याकडच्या लातूरला विंडहोकच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, तरी २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्याकडे गोरेआंगाबसारखं केंद्र उभं करायचं असेल, तर सुरुवात कारखान्यांची गटारं वेगळी करण्यापासून करावी लागेल.