नजर गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली नोव्हेंबर २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तीच सौरव गांगुलीची शेवटची. मैदान जन्माला आलं त्याच आठवड्यात एक कारकीर्द तिथे संपली. पहिल्या डावात ८५ धावा आणि दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर जेसन क्रेझाच्या हातात परत झेल. शून्य. सामना संपत आला तेव्हा धोनीने काही षटकांपुरती कप्तानी गांगुलीकडे सोपवली, आणि नागपूरकरांना जन्मभर सांगायला एक गोष्ट मिळाली.

पण या शून्यावरून गांगुलीच्या वयाबद्दल काहीही कळत नाही. तो ३६ वर्षांचा होता आणि त्याच मालिकेत मोहालीला त्याने शतक ठोकलं होतं. म्हातारपण पाहायचं असेल तर याच मैदानावरचा दुसरा एक हिशेब बघावा लागतो. सचिन तेंडुलकरचा.

गांगुलीच्या त्या शेवटच्या कसोटीत सचिनने १०९ केल्या, वय ३५. फेब्रुवारी २०१० मध्ये डेल स्टेनने भारताची दाणादाण उडवली त्या कसोटीत दुसऱ्या डावात त्याचं शतक. मार्च २०११ मध्ये विश्वचषकात, पुन्हा दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, १०१ चेंडूंत १११. हे त्याचं नव्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक. (त्या दिवशी आपले शेवटचे नऊ गडी २९ धावांत गेले, ते दुखणं वेगळं.) शंभराव्यासाठी वर्षभर वाट पाहावी लागली आणि ते झालं मीरपूरला. मग डिसेंबर २०१२, इंग्लंडविरुद्धची कसोटी, जामठाच. जेम्स अँडरसनचा चेंडू बॅटची आतली कड घेऊन यष्ट्यांवर. धावा २. वय ३९.

त्या संध्याकाळी धंतोलीपासून सक्करदऱ्यापर्यंत कुठल्याही पानठेल्यावर निकाल एकच असणार: 'नजर गेली ना बे त्याची.' दहा दिवसांच्या आत सचिनने एकदिवसीय क्रिकेट सोडलं. म्हणजे पानठेला बरोबर होता का? निष्कर्षात असेलही. निदानात मात्र नाही.

कारण नजर, म्हणजे डोळा, चाळिशीत जातो तो जवळचं वाचताना. बुबुळामागचं भिंग कडक होत जातं आणि पेपर हातभर लांब धरावा लागतो. अठरा मीटरवरून सुटणारा लाल चेंडू दिसायला त्याने फारसं बिघडत नाही. शिवाय फलंदाज चेंडू शेवटपर्यंत 'बघतो' हा मुळात आपल्या कोचिंगचा गोड गैरसमज आहे. मायकेल लँड आणि पीटर मॅकलाउड या ब्रिटिश संशोधकांनी फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा बांधून त्यांचे डोळे कुठे जातात ते टिपलं. तो निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. चेंडू सुटतो तो क्षण डोळा पकडतो, मग चेंडूला सोडून देतो आणि जिथे टप्पा पडणार तिथे आधीच उडी मारून थांबतो. फलंदाज जितका चांगला, तितकी ही उडी लवकर. चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळलेलं असतं. डोळा फक्त खात्री करायला जातो.

मॅकलाउडने त्याआधी, १९८७ मध्ये, आणखी गमतीचा प्रयोग केला होता. मॅटिंगखाली लाकडी दांड्या ठेवायच्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल याचा कुणालाच अंदाज नाही. समोर आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाज. चेंडू वळल्यापासून बॅट त्या दिशेने हलायला त्यांनाही सुमारे दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला. सामान्य माणसाला प्रयोगशाळेत लागतो तेवढाच. ताशी १४० किलोमीटरने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. म्हणजे शेवटच्या सातेक मीटरमध्ये चेंडूने काही आगळीक केली, तर विशीतला पोरगाही काही करू शकत नाही.

मग वयाने जातं काय? साध्या प्रतिक्रियेचा वेग, म्हणजे दिवा लागला की बटण दाबायचं, हा पन्नाशीपर्यंत फारसा ढळत नाही. ढळतो तो निवडीचा वेग. पुढे यायचं की मागे जायचं, खेळायचं की सोडायचं, अशा दोन-तीन पर्यायांतून एक उचलायला लागणारा वेळ तरुणपणापासूनच हळूहळू वाढत जातो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'स्टारक्राफ्ट टू' हा संगणकीय खेळ खेळणाऱ्या ३,३०५ जणांच्या नोंदी तपासल्या. सगळे १६ ते ४४ वयाचे. घसरण चोविसाव्या वर्षापासूनच सुरू झालेली होती! आणि तरी तिशीतले खेळाडू हरत नव्हते, कारण ते सोपे डाव निवडत होते, शॉर्टकट वापरत होते, कमी हालचालींत काम भागवत होते.

मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे दिसते. खेळाडूच्या अंगात दोन घड्याळं चालतात. एक वेगाचं, ते विशीतच मागे पडायला लागतं. दुसरं वाचनाचं: गोलंदाजाचं मनगट, खांदा, रनअपमधला बदल ओळखण्याचं. ते पस्तिशीतही पुढेच जात असतं. दुसरं पहिल्याची उधारी फेडत राहतं आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. २०१० मध्ये, वयाच्या छत्तीस-सदतिसाव्या वर्षी, सचिनने कसोटीत १,५६२ धावा केल्या, त्याच्या आयुष्यातल्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला एक्कावन्नावं कसोटी शतक. त्यानंतर कसोटीत एकही नाही. आपल्याला वाटलं अचानक गेला. गळती जुनी होती. ती भरून काढणारं पाणी कमी पडायला लागलं ते त्या वर्षी.

स्नायूंचं गाऱ्हाणं आणखी सरळ आहे. झटक्याने आकुंचन पावणारे जलद तंतू वयाबरोबर बारीक होतात. काहींना हुकूम देणारी चेतापेशीच मरते, मग शेजारची संथ पेशी त्या अनाथ तंतूला दत्तक घेते आणि तोही संथ होतो. चोरटी धाव काढताना, स्लिपमध्ये झुकताना हे आधी कळतं. वेगवान गोलंदाजाला तर झाकायला जागाच नसते. प्रत्येक चेंडूला पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि कंबर त्याचा हिशेब ठेवते. आपल्या खापरखेड्याकडचा उमेश यादव शेवटची कसोटी खेळला २०२३ मध्ये, तेव्हा तो पस्तिशीत होता. वेगवान गोलंदाजासाठी ते भरघोस आयुष्य म्हणायचं.

आता वसीम जाफर. मुंबईचा हा सलामीवीर भारताकडून शेवटची कसोटी २००८ मध्ये खेळला आणि २०१५-१६ पासून विदर्भाकडून उतरू लागला. मार्च २०१८, इराणी चषक, जामठा. वय ४०. दुसऱ्या दिवसअखेर तो २८५ वर नाबाद, तिसऱ्या सकाळी एकच धाव जोडून बाद. इराणी चषकातली ही सर्वोच्च खेळी. पुढच्या रणजी हंगामात १,०३७ धावा, त्यात नागपुरातच उत्तराखंडविरुद्ध द्विशतक, आणि विदर्भाला सलग दुसरं विजेतेपद. मग याचं वेगाचं घड्याळ बंद पडलं नव्हतं का?

पडलं असणारच. पण जरा ढोबळ गणित करा. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत साधारण ०.४४ सेकंदात येतो, १३० चा ०.४९ सेकंदात. फरक पन्नास मिलिसेकंदांचा. आंतरराष्ट्रीय तोफखान्यातून रणजीत आलेल्या माणसाला हे पन्नास मिलिसेकंद बक्षीस मिळतात, आणि वयाने त्याच्याकडून जे हिरावलं असेल ते त्यात बहुधा भागून जातं. जाफर मुळातच चेंडू उशिरा खेळणारा, अंगविक्षेप कमी. खर्चच कमी म्हटल्यावर उधारी किती होणार?

अर्थात जाफरवरून 'वय हा फक्त आकडा' असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. त्याच्याबरोबर १९९६-९७ मध्ये प्रथम श्रेणीत आलेली मुलं आठवा. बहुतेक जण कधीच स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत, बँकेत, एजी ऑफिसात चिकटले आणि दुपारी डबा खायला लागले. चाळिशीत आपल्याला जे मैदानावर दिसतात ते फक्त टिकलेले. त्यांची सरासरी काढून 'चाळिशीतही खेळ टिकतो' म्हणणं म्हणजे मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर उभं राहून कुणी दमत नाही असं ठरवणं. हा फास बेसबॉलच्या आकडेबहाद्दरांना चांगलाच ठाऊक आहे. तिथे बिल जेम्स या लेखकाने १९८२ मध्ये फलंदाजाचा कळस सत्ताविसाव्या वर्षी असतो असं मांडलं आणि तेव्हापासून तिथे वाद थांबलेला नाही. वाद मुख्यतः हाच: गळालेल्यांना मोजायचं कसं?

आणि त्यात योगायोग भर घालतो. बेसबॉलचा देव बेब रूथ १९३५ च्या शेवटच्या हंगामात इतका खालावला की त्याची सरासरी .१८१ वर आली. तरी त्याच मे महिन्यात पिट्सबर्गला एका दुपारी त्याने तीन होमरन मारले, आणि थोड्याच दिवसांत खेळ सोडला. ती दुपार पाहिलेल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अजून दोन वर्षं सहज. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा (जन्म नागपूरचाच, बन्सोडचा) जामठ्यावर इंग्लंडविरुद्ध २ धावांत परतला, वय ३७. तीन दिवसांनी कटकला ९० चेंडूंत ११९. मे महिन्यात त्याने कसोटी सोडली. यातली कुठली खेळी वयाची आणि कुठली नशिबाची, हे स्कोअरकार्डवर लिहिलेलं नसतं. त्यासाठी निदान एखाद्या हंगामाचे डाव लागतात, आणि निवड समितीकडे किंवा खेळाडूकडे तेवढा वेळ क्वचितच असतो.

जाफर आणखी एक हंगाम खेळला. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळविरुद्ध, नागपुरातच, रणजीत बारा हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज झाला आणि ५७ वर बाद झाला. ७ मार्चला त्याने निवृत्ती जाहीर केली, बेचाळिसाव्या वर्षी. अडीच आठवड्यांनी लॉकडाऊन लागला आणि जामठ्याला कुलूप पडलं.